पावाचं दडपं

महाबळेश्वरात जुलै महिन्यात पावाला शिळा व्हायला सवडच मिळत नाही. सोमवारी आणलेला पाव बुधवारी सकाळी कडेने हिरवा दिसायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर लव येते. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारं हे गाव. मे संपता संपता घरांना आणि दुकानांना गवताच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या झडी लागतात. मग कपाटातल्या चपला पांढऱ्या पडतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काड्यापेटीची अर्धी पेटी घासून संपते तरी काडी पेटत नाही. अशा गावात बसून मी शिळ्या, वाळलेल्या पावाच्या पदार्थावर पुस्तिका लिहिली आहे. म्हणजे माणदेशात बसून भाताच्या खाचरांवर लिहावं, तसलाच प्रकार.

पुस्तिका म्हणण्याइतकी ती मोठीही नाही. कृती सात, आणि सातही एकाच पदार्थाच्या. पदार्थाचं नाव पान्झानेल्ला. इटलीत टस्कनी नावाचा प्रांत आहे, फ्लॉरेन्स हे त्यातलं मुख्य शहर. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात उन्हाळ्यात हे खातात. दोन-चार दिवसांचा, वाळून खणखणीत झालेला पाव, टोमॅटो, काकडी, कांदा, बेझिलची पानं, व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, एवढंच सामान. चूल पेटवायची नाही. पाव गार पाण्यात भिजवून पिळायचा, हाताने कुस्करायचा, बाकीचं त्यात कालवायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. 'पाने' म्हणजे पाव, आणि 'झानेल्ला' म्हणजे पसरट वाडगं, अशी नावाची फोड सांगतात. आपल्याकडे हा पदार्थ इंग्रजी पुस्तकांतून आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवरून 'ब्रेड सॅलड' होऊन आला आणि घोटाळा तिथेच झाला. सॅलड म्हटलं की आपल्याला ताटलीत गोल मांडलेल्या काकडीच्या चकत्या दिसतात, मध्ये लिंबाची फोड, आणि जेवण संपलं तरी तिला कुणी हात लावलेला नसतो. हा पदार्थ त्या जातीचा नाही. कुठल्या जातीचा, ते मला कळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस फारसे अभिमानाने सांगण्यासारखे नाहीत.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. मुंबईहून नणंदेची मंडळी आलेली, सगळी मिळून अकरा पानं. पुस्तकात आदल्या दिवशीचा पाव घ्यायला सांगितलं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीचा स्लाइस ब्रेड घेतला. पांढराशुभ्र, कापसासारखा, चवीला किंचित गोड. त्याचे नीट चौकोनी तुकडे केले, पाण्यात बुडवले आणि पिळायला गेले तर मुठीत कणकेचा गोळा. तरी हटले नाही. कांदा, टोमॅटो, महागाचं तेल, सगळं त्यात घातलं. पानं वाढल्यावर थोडा वेळ कुणी बोलेना. मग भाच्याने विचारलं, "मामी, पावभाजी गार का आहे?"

सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांचं माहेर पोलादपूरकडचं, म्हणजे प्रतापगडाच्या अंगाने आंबेनळी घाट उतरलं की खाली. लग्न होऊन वर आल्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती, पण हात कोकणातलाच राहिला होता. त्यांनी माझी परात पाहिली, बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तर त्या खाली बसलेल्या. समोर चार कडक पाव, तेही दोन दिवसांचे. ते त्यांनी हातानेच मोडले, सुरी लावली नाही. त्यावर काकडी चोचवली, कांदा-टोमॅटो बारीक चिरून घातला, मीठ टाकलं, लिंबू पिळलं. वरखाली केलं, ताटली पालथी घातली आणि ताटलीवर पाट्याचा वरवंटा आडवा ठेवला.

"पाव भिजवायचा नाही?" मी विचारलं.

"काकडीला पाणी काय कमी असतं का गं?" म्हणाल्या, आणि वाती वळायला देवापाशी जाऊन बसल्या.

वरवंट्याकडे बघत मी तिथेच उभी राहिले. हे तर दडपे पोहे.

ज्यांच्या घरी ते होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पातळ पोहे घ्यायचे. त्यात ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, चोचवलेली काकडी नाहीतर टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू. शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी असलं तर त्याचा हबका. सगळं हलक्या हाताने कालवून वर झाकण आणि झाकणावर वजन. पोहे भिजवायचे नाहीत, वाफवायचे नाहीत. कोरड्या पोह्याने भाजीतलं, खोबऱ्यातलं पाणी आपल्याला हवं तेवढं ओढून घ्यायचं, ओढताना मीठ-आंबट-तिखटही घ्यायचं, आणि तरी पोह्याचा पोहा राहायचा, लगदा व्हायचा नाही. वरून हिंग-मोहरीची फोडणी. या पदार्थाची सगळी विद्या त्या 'दडपे' शब्दात आहे. दडपायचं म्हणजे ठेचायचं नाही. कोरड्याला ओल्याच्या इतकं जवळ आणायचं की एकाची ओल दुसऱ्यात गेली पाहिजे.

पान्झानेल्ला नेमका हाच पदार्थ आहे. कोरडं धान्य, ओली भाजी, मीठ, आंबट, तेल, आणि घाई न करणं. टस्कनीतली बाई पाव आधी पाण्यातून काढते ते तिचा पाव दगड झालेला असतो म्हणून. तसल्या पावाला काकडी-टोमॅटोचं पाणी पुरायचं नाही. आपल्याकडचा कडक पाव तितका निबर नसतो, त्याला भाजीचंच पाणी पुरतं. म्हणून या पुस्तिकेतल्या सातपैकी पाच कृतींत पावाला पाणी दाखवलेलंच नाही, आणि टस्कनीच्या कुणा आजीबाईने त्याबद्दल नाक मुरडलं तर मुरडू दे. दोन कृती मात्र तिच्या पद्धतीने, भिजवून-पिळून करायच्या आहेत. तिथे पोहे भिजवण्याचा अंदाज कामाला येतो. जाड पोहे चाळणीत धरून नळाखाली फिरवतो, निथळतो आणि झाकून ठेवतो, तसंच. साबुदाण्यासारखं रात्रभर पाण्यात घालून विसरलात तर माझ्या भाच्याला बोलवायला लागेल.

घाटावरच्या वाचकांना दडपे पोहे परके वाटत असतील तर त्यांनी आपल्या शिळ्या भाकरीकडे बघावं. ताकात चुरलेली भाकरी, कालवणात कुस्करलेली भाकरी, दहीकाला, पोळी उरली की फोडणीची पोळी. श्रावणात शिळासप्तमीची कहाणी वाचणाऱ्या समाजाला शिळ्याचं वावडं असण्याचं काही कारण नाही. गंमत अशी की टस्कनीचा पाव आणि आपली भाकरी यांच्यात आणखी एक नातं आहे. दोन्ही बिनमिठाची. टस्कनीत पावाच्या पिठात मीठ घालतच नाहीत. पिसावाल्यांनी मिठाची वाट अडवली म्हणून, मिठावर जबर कर होता म्हणून, अशा कथा त्यामागे सांगतात. कारण काहीही असो, २०१६ साली युरोपीय संघाने त्या पावाला त्याच्या प्रांताच्या नावाचं संरक्षण दिलं तेही बिनमिठाचा पाव म्हणूनच. मीठ ओल धरून ठेवतं, ते नसलं की पाव लवकर कोरडा पडतो. मग पावातली मिठाची उणीव भाजीच्या पाण्याने भरायची. आपण भाकरीसोबत खर्डा किंवा झुणका चढ्या मिठाचा करतो, त्यातलं शहाणपण हेच.

मी सातही कृती ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर करून पाहिल्या. जमल्या नाहीत. ज्वारीत गव्हासारखा चिवट धागा नसतो, ओल लागली की भाकरी विरघळायला लागते. चव चांगली होते, पण तो कुस्कराच होतो, आणि कुस्करा करायला तुम्हाला माझं पुस्तक कशाला हवं?

तर सगळा प्रश्न पावाचा आहे. लोक ऑलिव्हच्या तेलाची काळजी करतात, बेझिल कुठे मिळेल ते विचारतात, आणि पाव मात्र हाताला येईल तो घेतात. म्हणून पावाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाव वाळतो म्हणून शिळा होतो असं आपण समजतो, पण बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिलं की पाण्याचा थेंबही उडू न देता हवाबंद ठेवलेला पावसुद्धा शिळा होतो, आणि साठेक अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ येतो. होतं असं: भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ढिला पडतो. पाव गार झाला की त्याचे धागे हळूहळू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट रांगा धरतात. पाणी आतच असतं, पण मऊपणा जातो. ही रांगा धरायची क्रिया फ्रिजच्या थंडीत सगळ्यात जलद होते. त्यामुळे ताजा राहावा म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवणारे लोक त्याला लवकर म्हातारा करत असतात, फक्त बुरशी लांबवतात. रात्रीची गार भाकरी चिवट लागते आणि तव्यावर टाकली की पुन्हा नरम येते, त्यामागचं कारणही हेच.

पान्झानेल्लाला पाव शिळाही हवा आणि वाळलेलाही. शिळा असला की त्याचा सांगाडा घट्ट होतो, वाळलेला असला की पाणी ओढायला जागा होते. कारखान्यातल्या स्लाइस ब्रेडमध्ये तूपकट पदार्थ, साखर आणि मऊपणा टिकवणारी द्रव्यं घातलेली असतात, ती शिळेपणा लांबवायलाच. शिळा होऊ नये म्हणून जो केला, तो शिळ्या पावाच्या पदार्थाला कसा चालेल? लादी पाव त्याहून बरा. मधोमध फोडून मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी खडखडीत केला तर चालून जातो. इराण्याकडचा ब्रून, म्हणजे आपला कडक पाव, उत्तम. वरचं कवच जाड, आतला गर जाळीदार, साखर नावाला. गोव्याचा उंडो मिळाला तर त्याहून चांगलं. गोव्याहून कुणी येणार असलं की लोक काजू मागवतात, मी उंडे मागवते, आणि येणाऱ्याला सांगते की शिळे झाले तरी फिकीर नको.

पण माझ्या मते आपल्या भागाचा खरा पाव अजून व्हायचा आहे, तो खपलीचा.

खपली गहू सातारा, सांगली, बेळगावकडच्या लोकांना ओळख करून द्यायला नको. खिरीचा गहू तो हाच. मळणीत दाण्याचं टरफल सुटत नाही, कांडावा लागतो. आता टस्कनीच्या उत्तर भागात गार्फान्याना नावाचं डोंगरी खोरं आहे. तिथे 'फार्रो' पिकतो, आणि १९९६ सालापासून त्यालाही युरोपात नावाचं संरक्षण आहे. फार्रो आणि खपली ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात. तिथले लोक त्याचं सूप करतात, आपण खीर. महाबळेश्वराशी गव्हाचं आणखी एक नातं आहे, ते इथल्या पर्यटकांना माहीत नसतं. गव्हावर पडणारा तांबेरा, ज्याला गेरवाही म्हणतात, त्याचा अभ्यास करणारं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र इथे आहे. ज्या थंड, ओल्या हवेने माझ्या पावाला बुरशी येते तीच हवा तांबेऱ्याला मानवते, म्हणून कुठला वाण त्यापुढे टिकतो ते इथे पारखता येतं. अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन आणि लेव्हिन या दोघांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पुढे कित्येक वर्षं वापरला. त्या बारांत एक नाव आहे 'खपली', आपल्याच उच्चाराने, इंग्रजी अक्षरांत. कारण बाकीचे गहू जिथे लोळण घेत, तिथे हा बहुतेक वेळा उभा राहायचा.

खपलीच्या पिठात चिवटपणा कमी, त्यामुळे पाव फुगून टम्म होत नाही, बसका आणि घट्ट होतो. नुसता खायला जरा जड. पण वाळल्यावर त्याचे तुकडे ओल धरूनही आकार सोडत नाहीत, आणि चवीला भाजलेल्या शेंगांची आठवण येते. मी निम्मी खपली, निम्मा साधा गहू घेते. पुस्तिकेत त्याचं प्रमाण दिलं आहे. एक सांगायचं राहिलं: हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. इथे पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, आणि हवेचा दाब कमी असल्याने यीस्टचं पीठ मात्र खालच्यापेक्षा लवकर वर येतं. सातारा-सांगलीच्या वाचकांनी पीठ फुगायला दिलेल्या वेळेत थोडी भर घालावी.

आणि पावसात पाव वाळवायचा कसा? इथल्या जुन्या घरांत अजून कोळशाची शेगडी असते. पावसाळ्यात तिच्यावर डालं पालथं घालून बाळाची दुपटी वाळवतात. आमच्या घरात दुपट्यांचे दिवस सरले, डालं राहिलं. त्यावर मी पावाच्या बोटभर जाड फाका मांडते. दोन तासांत त्या अशा वाजतात की एकमेकींवर आपटल्या तर लाकडी चिपळ्या. ओव्हन असेल तर १२० अंशांवर पाऊण तास. मग लगेच पत्र्याच्या डब्यात. उघड्यावर ठेवल्या तर एका संध्याकाळीत पुन्हा लेच्यापेच्या, आणि दुसऱ्यांदा वाळवलेल्या फाकांना कुबट वास राहतो. तो व्हिनेगरनेही जात नाही.

आता भाज्यांकडे वळू. पान्झानेल्ला म्हणजे टोमॅटो असं आज सगळे धरून चालतात, पण हा पदार्थ टोमॅटोच्या आधीचा आहे. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या दरबारी आन्योलो ब्रोन्झिनो (१५०३-१५७२) नावाचा चित्रकार होता. त्याची राजघराण्यातल्या माणसांची थंड चेहऱ्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. हाच माणूस फावल्या वेळात चेष्टेखोर कविता लिहायचा, आणि त्यांतली एक चक्क कांद्यावर आहे. तिच्यात चिरलेला कांदा, काकडी आणि एक रानभाजी पावाबरोबर खायचं मोठं कौतुक केलं आहे. टोमॅटोचं नाव नाही. वास्तविक १५४८ साली त्याच्याच धन्याकडे, कोझिमो द मेदिचीकडे, टोमॅटोंची टोपली पिसात येऊन पोचल्याची नोंद आहे. पण ते फळ तेव्हा नवलाईने बघायचं होतं, ताटात यायला त्याला पुढे बराच काळ गेला.

ती रानभाजी कुठली, हे मी कोशात शोधलं आणि हसूच आलं. घोळ! आपली घोळीची भाजी. लालसर देठ, मांसल चमच्यासारखी बारीक पानं, जमिनीला चिकटून पसरलेली. वाईच्या बाजूला पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर ती इतकी येते की बायका खुरपताना उपटून टाकतात, आणि त्यातलीच मूठभर घरी आणून डाळ घालून शिजवतात. कच्ची खायची मात्र आपल्याला सवय नाही. खाऊन पाहा. आंबट, रसाळ, दाताखाली करकरीत, मागून किंचित बुळबुळीत. तिचा आंबटपणा तासातासाने बदलतो. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती रात्री हवा आत घेऊन तिचं आम्ल साठवून ठेवते आणि दिवसा ते वापरून टाकते. म्हणून कोरड्या दिवसांत भल्या पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, संध्याकाळची मिळमिळीत. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते हायच की. दुपारची घोळ कोन खुडतंय?" माझी चौथी कृती ब्रोन्झिनोच्या चालीवरची आहे. घोळ, कांदा, काकडी, पाव. टोमॅटो नाही. मला स्वतःला सातांत तीच सगळ्यात आवडते.

बेझिलच्या जागी तुळस चालेल का, असं हमखास विचारतात. चालत नाही, आणि ते सोवळ्याओवळ्यासाठी नाही. तुळशीला लवंगेच्या अंगाचा उग्र वास असतो, तो टोमॅटोवर चढून बसतो. पण सब्जा चालतो. फालुद्यात ज्याचं बी घालतो आणि वेणीत ज्याची पानं गुंफतात तो सब्जा आणि इटलीचं बेझिल या एकाच जातीच्या दोन बहिणी आहेत. आपलीचा वास जरा बडीशेपेकडे झुकतो. पानं निम्मी घ्या, म्हणजे झालं.

टोमॅटोबद्दल एवढंच सांगते की ट्रकमधून हजार किलोमीटर जावेत म्हणून पिकवलेले जाड सालीचे, लांबट टोमॅटो इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना पाणीच सुटत नाही. बाजाराच्या टोकाला पाटीवाली जे वेडेवाकडे, खाचाखाचांचे, दाबलं की हाताला रस लागणारे गावठी टोमॅटो विकते, ते घ्यावेत. अर्ध्या किलोच्या फोडींना लहान चमचाभर मीठ लावून त्या चाळणीत अर्धा तास ठेवल्या तर खाली अर्धी-पाऊण वाटी रस जमतो. तो रस म्हणजे या पदार्थाचं पाणी. त्यातच तेल आणि आंबट घुसळायचं आणि वाळलेल्या पावावर ओतायचं. पाव एक भाग तर टोमॅटो दोन भाग, वजनाने. एवढं प्रमाण ध्यानात ठेवलं तर पुढची पानं न वाचताही तुमचं काम भागेल.

बाकीच्या भाज्यांच्या बाबतीत हे गाव भाग्याचं. वेण्णा तलावाच्या रस्त्याला पाल्यासकट गाजरांच्या जुड्या आणि बोराएवढे लाल मुळे मांडलेले असतात. लोक मीठ लावून ते चालता चालता खातात. या विलायती भाज्यांची इथली मुळं मोठी विचित्र आहेत. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा इंग्रजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने माल्कम पेठ वसवली. १८३४ साली इथे तुरुंग उभा राहिला, तो सिंगापूर-पेनांगकडून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी. १८६४ साली बंद होईपर्यंत तीस वर्षं या कैद्यांनी इथे मळे केले. बटाटे आणि साहेबाच्या टेबलावरच्या भाज्या पिकवल्या, आणि वेताच्या टोपल्या विणण्याची कला इथल्या लोकांच्या हाती दिली. आज आपण ज्याला 'महाबळेश्वरची भाजी' म्हणतो तिच्यामागे अशी माणसं आहेत. समुद्रापार, बेड्यांत आलेली, आणि बहुतेकांची नावंही मागे न राहिलेली. लाल मुळ्याच्या चकत्या करताना मला ती आठवतात. दरवेळी नाही, पण आठवतात.

आंबटासाठी मूळ कृतीत लाल वाइनचं व्हिनेगर असतं. मी नवसारीचा उसाचा सरको वापरते. पारशी घरांतून आणि पारशी दुकानांतून तो मिळतो, रंगाने तांबूस, अंगाने गोलाईचा. बाटलीतलं पांढरं व्हिनेगर वापरू नये, त्यापेक्षा लिंबू बरं. तेलाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे, ऑलिव्हचंच. परवडत नसेल तर घाण्याचं करडईचं तेल घ्या, ते गप्प बसतं. शेंगदाण्याचं तेल घेतलंत तर सगळ्या पदार्थाची चटणी होते.

स्ट्रॉबेरीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आधीपासून आणि नंतर तर अधिकच, इथे ती कशात घालत नाहीत ते विचारा. भेळेत घातलेली मी पाहिली आहे. पण जानेवारीत, जेव्हा टोमॅटो नुसते पाणचट असतात, तेव्हा बुडाशी अजून पांढरट असलेली, पुरती न पिकलेली स्ट्रॉबेरी चौकोनी चिरून मिठात घोळली आणि टोमॅटोच्या निम्म्या प्रमाणात घातली तर बेत जमून येतो. पिकलेली, गोड नको. सहावी कृती ती. माझी मलाच थोडी लाज वाटते, म्हणून शेवटून दुसरी ठेवली आहे.

सातवी कृती सासूबाईंची. परवा त्यांना पहिली सहा प्रकरणं वाचून दाखवली. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण पदार्थाचं बरोबर ऐकू येतं. खपलीशी डोळे मिटून मान डोलावली, ब्रोन्झिनोशी झोप लागली. स्ट्रॉबेरीला जागं होऊन म्हणाल्या, "आणि फोडणी कधी घालतेस?" मी सांगितलं की इटलीत याला फोडणी नसते. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, एखाद्या घरात मीठच नसतं असं ऐकल्यासारख्या. मग उठल्या. लोखंडी पळी, तेल, मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता. वरवंटा उचलला, ताटली काढली, आणि फोडणी चर्र करून ओतून ताटली पुन्हा झाकली, दोन मिनिटं, वाफ जाऊ नये म्हणून. ही कृती त्यांनी सांगितली तशी, त्यांच्या मापांत उतरवली आहे, तेव्हा तिच्यात ग्रॅम नाहीत, मुठी आहेत. पान्झानेल्ला हे नाव तिला दिलेलं नाही. त्या म्हणतात 'पावाचं दडपं', तेच ठेवलं आहे.